गॉयडरच्या रेषेपलीकडचे घर

दक्षिण ऑस्ट्रेलियातील क्वॉर्न या लहानशा गावाहून हॉकरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, उजाड माळावर एक दगडी घर उभे आहे. घर म्हणायचे ते केवळ सवयीने. त्याला छप्पर नाही, दारे नाहीत, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा कोणीतरी केव्हाच काढून नेल्या आहेत. दोन खोल्या, त्यांच्या मधल्या भिंतीत एक धुराडे, मागच्या अंगाला जमिनीत बांधून काढलेली पाण्याची टाकी, आणि अंगण असावे अशा जागी एक लवलवत्या पानांचे झाड. त्या झाडाला तिकडे पेपर ट्री म्हणतात. सावलीसाठी जुने वसाहतवाले घराजवळ ते आवर्जून लावीत. लावणारे गेले, पाणी घालणारे गेले, झाड मात्र तेवढे उरले आहे.

आमचा भाचा नोकरीनिमित्त ॲडलेडला स्थायिक झाला आहे. गेल्या वर्षी जून महिन्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, त्याच्या धाकट्या मुलाच्या प्रथम कम्युनियनसाठी आम्ही तेथे गेलो होतो. समारंभ आटोपल्यावर त्याने आम्हांला उत्तरेकडचा मुलूख दाखवायला नेले. रस्त्याने अशी घरे एक नव्हे, अनेक दिसतात. पहिल्या दोन-तीन घरांपाशी आम्ही गाडी थांबवायला लावली, चौथ्यापाशी भाचा आपणहून थांबला आणि म्हणाला, "फादरमामा, ही सगळी एकाच गोष्टीतली घरे आहेत. गोष्ट कळली की प्रत्येक ठिकाणी उतरायची गरज नाही." आम्ही तरीही उतरलो. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला होता. घर किती वर्षे नांदते होते कोण जाणे, पण दगड झिजण्याइतपत पावले त्यावरून गेली होती.

वाळूवर बांधलेल्या आणि खडकावर बांधलेल्या घरांचा प्रभू येशूचा दाखला आम्ही वेदीवरून कितीतरी वेळा सांगितला आहे. आमच्या वाचकांनीही तो तितक्याच वेळा ऐकला आहे. वाळूवरचे घर पावसापुराने कोसळते, खडकावरचे तगते. त्या माळावर उभे असताना हा दाखला मनात येणे साहजिक होते, पण तो तेथे नीट बसेना. हे घर खडकावर बांधलेले होते, दगडाचे होते, आणि त्याच्या भिंती शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही उभ्याच होत्या. पुराने त्याला धक्का लावला नव्हता. त्याला ओसाड केले होते ते न आलेल्या पावसाने. मग या घरधन्याला शहाणा म्हणायचे की मूर्ख? हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून आहे, आणि आज तोच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम भाच्याने सांगितलेली ती गोष्ट. तिच्यात आम्ही पुढे वाचून थोडीफार भर घातली आहे.

त्याच रस्त्यावर, क्वॉर्नपासून चाळीसएक किलोमीटरवर, कन्याका नावाच्या मोठ्या जुन्या मळ्याचे अवशेष आहेत. मळा म्हणजे आपल्याकडचा चार-सहा एकरांचा नव्हे. तेथे गुरे आणि मेंढरे पाळण्यासाठी मैलोगणती माळरान सरकारकडून भाडेपट्ट्याने घेत आणि त्याला स्टेशन म्हणत. १८५२ साली ह्यू प्रोबी नावाच्या तरुणाने हे स्टेशन वसवले. तो कॅरिसफर्टच्या अर्लचा मुलगा होता, पण थोरला नसल्याने घरच्या इस्टेटीवर त्याला फारसा हक्क नव्हता, म्हणून नशीब काढायला समुद्रापार आलेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीस विलोक्रा नावाचा ओढा एकाएकी भरून आला आणि गुरे वळवताना प्रोबी घोड्यावरून वाहून गेला. ज्या भूमीत पुढे माणसे पाण्यावाचून परागंदा झाली, तेथला हा पहिला धनी पाण्यात बुडून मेला. सहा वर्षांनी त्याच्या भावंडांनी ब्रिटनहून ग्रॅनाइटची एक अखंड शिळा जहाजाने पाठवली. ती आजही त्याच्या थडग्यावर आहे. टनावारी वजनाचा तो दगड बंदरावरून त्या रानात बैलगाडीने कसा नेला असेल, याचा विचार करीत आम्ही बराच वेळ तेथे उभे होतो.

प्रोबीच्या मागे कन्याका वाढत गेले. भरभराटीच्या काळात सत्तर कुटुंबे तेथे पोसली जात होती असे सांगतात. स्वयंपाकघर, कारभाऱ्याचे घर, मजुरांच्या खोल्या, लोकर कातरण्याची लांबच लांब शेड, दफनभूमी, सगळ्याच्या भिंती अजून पाहायला मिळतात. नंतर १८६४ पासून तीन वर्षे दुष्काळ पडला. हजारो मेंढ्या मेल्या. स्टेशन त्यातून सावरले न सावरले, आणि शतक संपण्याआधी ओस पडले.

त्या दुष्काळातच या गोष्टीतला मुख्य माणूस येतो. जॉर्ज गॉयडर हा त्या वसाहतीचा मुख्य भूमापन अधिकारी होता. दुष्काळाने पोळलेल्या मेंढपाळांना भाडेपट्ट्यात सवलत द्यायची, तर दुष्काळाचा मुलूख नेमका कोठे सुरू होतो हे ठरवणे आवश्यक होते. १८६५ च्या अखेरीस गॉयडर घोड्यावर बसला आणि काही आठवड्यांत तीन हजार किलोमीटरच्या आसपास रपेट करून त्याने नकाशावर एक रेषा काढली. त्या काळी त्या मुलखात पावसाच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. मग त्याने रेषा कशावरून काढली? झाडांवरून. जेथे मॅली नावाची निलगिरीची ठेंगणी जात संपते आणि सॉल्टबुश नावाची राखी-निळसर खारट झुडपे सुरू होतात, तेथे त्याने खूण केली. झुडूप खोटे बोलत नाही. एका वर्षाच्या पावसावर ते उगवत नाही आणि एका वर्षाच्या दुष्काळाने मरत नाही. पुढे पर्जन्यमापके बसली, दशकांच्या नोंदी जमल्या, तेव्हा आढळले की घोड्यावरून काढलेली ती रेषा वर्षाकाठी सुमारे १० इंच पावसाच्या रेषेशी पुष्कळशी जुळते. आमच्या कोकणातल्या वाचकांना सांगायचे तर, जुलैतल्या एका झडीत आपल्याकडे जेवढे पडते तेवढे तेथे वर्षभरात.

रेषेच्या दक्षिणेला नांगर धरावा, उत्तरेला फक्त मेंढरे चारावीत, असा त्याचा अर्थ. १८७२ च्या कायद्याने ती रेषा शेतजमीन विकण्याची सीमा म्हणून मान्यही झाली. आणि नेमकी तेव्हाच पावसाची वर्षे आली. माळ हिरवा झाला, फुले आली. जमीन मागणारे लोक, वर्तमानपत्रे, कायदेमंडळातले सभासद, सगळे म्हणू लागले की गॉयडर भित्रा आहे, त्याची रेषा प्रगतीच्या आड येते. नांगरामागून पाऊस येतो, माती उलथली की हवा ओलसर होते आणि ढग खाली उतरतात, असे त्या काळी तेथेही मानीत आणि अमेरिकेच्या मैदानांतही मानीत. त्याला शास्त्राचा मुलामा होता आणि भक्तीचाही: मनुष्य घाम गाळील तर देव पाऊस धाडीलच. १८७४ साली रेषेचे बंधन कायद्यातून काढून टाकण्यात आले. थोडी रक्कम भरून उरलेली उधारीवर ठेवायची, अशा सोयीने शेतकरी बायकामुलांसह विलोक्राच्या मैदानात लोटले. गावे आखली गेली, रेल्वे आली, पहिली पिकेही आली. १८८० पासून पाऊस रुसला. दोन-तीन हंगाम हातचे गेल्यावर घरे एकेक करून रिकामी होऊ लागली. निघताना माणसांनी छपराचे पत्रे आणि तुळया काढून गाडीत घातल्या, कारण पुढच्या ठिकाणी त्याच लागणार होत्या. भिंती तेवढ्या मागे राहिल्या.

हा झाला इतिहास. आता प्रश्न.

सेमिनरीत असताना आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांचे आशेविषयीचे विवेचन शिकवले होते. परीक्षेपुरते पाठ करून आम्ही ते सोडून दिले होते, हे कबूल करायला हवे. श्रद्धा, आशा आणि प्रीती या तीन ईश्वरी सद्गुणांपैकी आशेची गंमत अशी, की तिच्या दोन्ही बाजूंना दरी आहे. एका बाजूला निराशा. दुसऱ्या बाजूला जे आहे त्याला लॅटिनमध्ये प्रेसुम्प्सियो म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द शोधताना आम्हांला आमच्या आईच्या तोंडचा वाक्प्रयोग सर्वांत जवळचा वाटतो: गृहीत धरणे. देवाला गृहीत धरणे. निराशा म्हणते, देव काही करणार नाही. गृहीत धरणारा म्हणतो, देवाला करावेच लागेल. संत थॉमस या दोहोंत निराशेला अधिक वाईट ठरवतात, कारण क्षमा करणे हा देवाचा स्वभाव आहे, त्यामुळे त्याच्याकडून फाजील अपेक्षा करणारा त्याच्याविषयी तेवढे चुकीचे बोलत नाही. हा मुद्दा आम्हांला विद्यार्थिदशेत फार आवडला होता. पुढे एका प्रसंगाने त्याचा गोडवा कमी केला. तो प्रसंग खाली येईलच.

संत थॉमस आशेची आणखी एक खूण सांगतात. आशा ज्या भल्याची धरायची ते भले भविष्यातले हवे, कठीण हवे, आणि शक्य हवे. सोप्या गोष्टीला आशा लागत नाही. अशक्य गोष्टीला आशा म्हणत नाहीत. वर्गात हे वाक्य किती स्वच्छ वाटले होते! पण शक्य म्हणजे काय, आणि ते कोणी ठरवायचे? त्या माळावर आम्हांला वाटले की गॉयडरची रेषा म्हणजे दुसरे काही नसून या एका शब्दाची जमिनीवर काढलेली हद्द आहे. रेषेअलीकडे गहू पेरणे कठीण पण शक्य. रेषेपलीकडे तेच काम, तोच घाम, तीच प्रार्थना, आणि ती आशा राहत नाही. सैतानाने वाळवंटात प्रभूला मंदिराच्या कळसावरून उडी टाकायला सांगितले, तेव्हा त्यानेही देवाच्या अभिवचनाचाच आधार दिला होता. प्रभूने ते नाकारले. देवाच्या प्रेमाविषयी त्याला शंका नव्हती, पण त्या प्रेमाची परीक्षा पाहायची नाही म्हणून नाकारले. नांगरामागून पाऊस येतो या म्हणण्यात आम्हांला त्या कळसावरच्या बोलण्याचा भास होतो.

येथवर लिहून थांबता आले असते तर बरे होते. घरधनी चुकला, त्याने देवाला गृहीत धरले, असा निकाल लावून मोकळे होता आले असते. मनोरा बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा लूककृत शुभवर्तमानातला दाखलाही हाताशी होताच. पण त्या झिजलेल्या उंबऱ्यावर बसल्यावर आम्हांला हा निकाल देण्याचा अधिकार राहिला नाही, आणि त्याचे कारण नगर जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात.

२०१२ साली आम्ही तेथल्या एका कोरडवाहू भागातील धर्मग्रामात होतो. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. आमच्या धर्मग्रामातला एक शेतकरी, तीन एकरांचा धनी, मिस्सानंतर थांबला आणि म्हणाला, "फादर, बोअर घ्यावी म्हणतो. मोसंबी हातची चालली. काय करू सांगा." त्याच्या बांधाला लागून असलेल्या दोघांच्या बोअर कोरड्या गेल्या होत्या, हे आम्हांला ठाऊक होते. त्यालाही ठाऊक होते. त्याने पाणाड्याला बोलावले होते. तळहातावर नारळ ठेवून शेतातून फिरणारा, नारळ उभा राहील तेथे पाणी सांगणारा हा माणूस. आम्ही त्यावरून त्याला थोडे खडसावले, ख्रिस्ती माणसाने नारळावर विश्वास ठेवू नये असे समजावले. आणि मग आम्ही काय केले? पाणाड्याने दाखवलेल्या त्याच जागेवर आम्ही पवित्र पाणी शिंपडले, प्रार्थना केली आणि म्हणालो, "देवावर भरवसा ठेवा आणि घ्या." नारळापेक्षा आमचे शिंपणे अधिक शास्त्रशुद्ध होते असे आज म्हणवत नाही.

बायकोचे गंठण गहाण पडले, पतसंस्थेचे कर्ज निघाले. गाडी रात्री आली. साडेपाचशे फूट गेल्यावरही नुसता फुफाटा वर येत होता. त्या रात्री आम्ही नव्हतो, धर्मगुरूंच्या बैठकीसाठी बाहेरगावी गेलो होतो. परतल्यावर बातमी कळली, आणि खरे सांगायचे तर आम्ही त्याच्या घरी जायचे टाळले. आज जाऊ, उद्या जाऊ असे करता आठवडा गेला. नंतर जाणे अधिकच अवघड झाले. पुढच्या जूनमध्ये आमची बदली झाली.

काही वर्षांनी एका लग्नात तो भेटला. मोसंबी त्याने उपटून टाकली होती, जमीन वाट्याने दिली होती, स्वतः औद्योगिक वसाहतीत पहाऱ्याच्या कामावर होता. आम्ही धीर करून म्हणालो, "तुम्हांला बोअर घ्यायला सांगून आम्ही चूक केली." तो हसला. म्हणाला, "तसं नाही फादर. तुम्ही नको म्हणाला असता तरी मी घेतलीच असती. बाग डोळ्यांदेखत वाळत होती ना." मग थोडा थांबून म्हणाला, "पाणी लागलं नाही, त्या दिवसानंतर तुम्ही आला नाहीत, तेवढं मात्र बायकोच्या मनात राहिलं."

या उत्तराने आमची सगळी मांडणी उलटीपालटी केली. आम्ही शोधत होतो की आशा कोठे संपते आणि गृहीत धरणे कोठे सुरू होते. पण तीन एकरांत ती रेषा आखायला सवड कोणाला असते? वाळती बाग समोर असताना तो जे करीत होता ते देवाला कोड्यात टाकणे नव्हते, हातात उरलेला शेवटचा उपाय करून पाहणे होते. देवाला गृहीत धरले ते आम्ही. आमचे काहीच पणाला लागलेले नव्हते. गंठण आमच्या घरातले नव्हते. भरवसा ठेवा हे दोन शब्द उच्चारायला आम्हांला काहीही खर्च आला नाही, आणि ते फोल ठरल्यावर तोंड दाखवायचा खर्चही आम्ही केला नाही.

विलोक्राच्या मैदानातल्या शेतकऱ्याचेही असेच असावे. १८७४ साली ज्यांनी रेषा पुसली ते ॲडलेडच्या सभागृहात बसलेले होते. त्यांतल्या कोणाच्या छपराचा पत्रा गाडीत चढला असेल असे वाटत नाही. त्यांना दुष्ट म्हणावे असेही नाही. भूमिहीनाला जमीन मिळावी, मोठ्या भाडेपट्टेवाल्यांची मक्तेदारी मोडावी, हा हेतू चांगलाच होता. परंतु गरिबाला आशा वाटून देणे आणि त्या आशेचा धोका त्याच्याच पदरात टाकणे हे जेव्हा एकाच हाताने होते, तेव्हा चांगल्या हेतूने तो हात धुऊन निघत नाही. आम्ही वेदीवर उभे राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यायला हवे. दुष्काळात त्या वसाहतींमधून चर्चमध्ये पावसासाठी प्रार्थना होत असत. त्या प्रार्थना खोट्या होत्या असे आम्ही म्हणणार नाही, आम्हीही पावसाच्या नोव्हेना चालवल्या आहेत. पण ज्या धर्मगुरूने सॉल्टबुशच्या रानात नांगराला आशीर्वाद दिला असेल, त्याला त्या झुडपाचे नाव तरी ठाऊक होते की नाही, हे विचारावेसे वाटते. शेजारच्या दोन कोरड्या बोअर हे आमचे सॉल्टबुश होते. आम्ही ते पाहिले होते आणि बोललो नव्हतो.

गॉयडरविषयी वाचताना एक गोष्ट आम्हांला विशेष भावली. हा सावध माणूस जन्मजात सावध नव्हता. १८५७ साली, तरुण वयात, तो उत्तरेकडच्या सरोवरांच्या मुलखात गेला होता. पावसानंतरचे दिवस होते. त्याला गोड्या पाण्याने भरलेले सरोवर दिसले, गवत दिसले, मृगजळाने दूरचे कडे उंच करून दाखवले, आणि त्याने उत्साहाने कळवले की उत्तरेला सुपीक प्रदेश आहे. काही महिन्यांनी त्याचे वरिष्ठ खात्री करायला गेले तेव्हा पाणी आटून चिखल राहिला होता. मोठी नामुष्की झाली. आठ वर्षांनी घोड्यावर बसून रेषा काढताना तो हिरवळ पाहत नव्हता, झुडपे पाहत होता, याचे मूळ कदाचित त्या नामुष्कीत असावे. १८७० नंतर त्याची टवाळी झाली तेव्हाही तो आपल्या म्हणण्यावरून हलला नाही. आपण स्वतः एकदा फसलो आहोत हे जो विसरत नाही, त्याचा सल्ला ऐकण्यासारखा असतो. आम्ही आमच्या परीने हे उशिरा शिकलो.

आणखी एक हिशेब राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती जमीन ओसाड नव्हती. फ्लिंडर्स पर्वतराजीच्या मोठ्या भागात आद्न्यामाथान्हा लोक, म्हणजे खडकांचे लोक, पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. कोठला झरा कोणत्या ऋतूत आटतो, कोठले रान कधी सोडून जायचे, हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. गॉयडरने झुडपांवरून जे वाचले त्याहून कितीतरी अधिक त्यांना वाचता येत होते. त्यांना कोणी विचारले नाही. स्टेशने वसली तसे पाण्याच्या जागांवरून त्यांना हटवण्यात आले. कन्याकाजवळच्या पाणवठ्यावर एक मोठा खडक आहे. मरणाच्या वाटेवरच्या माणसांना त्याच्या सावलीत आणून ठेवीत, असे त्या जागेविषयी सांगतात. ती सावली आणि ते पाणी मेंढ्यांच्या कामी आले. त्या मुलखातील मोठ्या भूभागावरील या लोकांचा हक्क ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने मान्य केला तो २००९ साली. तेव्हा छप्पर गेलेल्या घरासाठी हळहळताना, ते घर ज्यांच्या पाणवठ्याशेजारी बांधले त्यांच्यासाठी आम्ही किती हळहळलो, असा प्रश्न स्वतःला विचारावा लागला. उत्तर फारसे अभिमानास्पद नव्हते.

ॲडलेडहून निघालो त्या दिवशी वाटेत सेव्हनहिलला थांबून आम्ही संत अलोयसियसच्या मंदिरात मिस्सा केली होती. ऑस्ट्रियाहून आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी १८५१ साली, म्हणजे कन्याकाच्या आदल्याच वर्षी, तेथे वस्ती केली आणि मिस्सासाठी लागणाऱ्या द्राक्षरसासाठी वेली लावल्या. तो मळा अजून चालू आहे, वेली अजून फळतात. त्या सकाळी आम्हांला वाटले होते की ही श्रद्धेची फळे. संध्याकाळी माळावरच्या घरापाशी तसे म्हणवेना. सेव्हनहिल रेषेच्या दक्षिणेला आहे. तेथे पाऊस पडतो. त्या धर्मगुरूंची श्रद्धा विलोक्राच्या शेतकऱ्याच्या श्रद्धेपेक्षा मोठी होती, हे द्राक्षांवरून ठरवायचे असेल तर आमच्या नगरच्या शेतकऱ्याची श्रद्धा फुफाट्यावरून ठरवावी लागेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी उत्तरेला, फरिना नावाच्या ओसाड गावापर्यंत गेलो. १८७८ साली तेथे गाव आखले तेव्हा आधीचे नाव बदलून हे ठेवण्यात आले. आमच्या लॅटिनच्या गुरुजींनी हा शब्द पहिल्याच वर्षी घोकून घेतला होता: फरिना म्हणजे पीठ. आजूबाजूला गहू पिकेल, दळला जाईल, या विश्वासाने ठेवलेले नाव. गहू काही पिकला नाही. रेल्वे आली, थोडी वर्षे वर्दळ राहिली, मग रेल्वेही पुढे गेली. आता रस्त्यांच्या दुतर्फा भिंतीच भिंती आहेत. पण जमिनीखाली बांधलेली एक जुनी भट्टी शाबूत आहे, आणि दरवर्षी हिवाळ्यात काही आठवडे स्वयंसेवक येऊन राहतात, पडक्या भिंती सावरतात आणि त्या भट्टीत पाव भाजून येणाऱ्याजाणाऱ्यांना विकतात. पीठ अर्थातच दक्षिणेहून येते. भाच्याने दोन पाव घेतले. गरम होते, आम्ही गाडीच्या बॉनेटवर ठेवून हातानेच तोडून खाल्ले. भाच्याचा मुलगा म्हणाला, "हे लोक एवढ्या लांब येऊन फुकट का काम करतात?" भाचा म्हणाला, "त्यांना आवडतं." आम्ही काही बोललो नाही. काम करणाऱ्यांपैकी एक आजी चुना कालवीत होती. गाव पुन्हा वसणार नाही हे तिला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

परतताना त्या घरापाशी पुन्हा थांबलो. सांजावले होते आणि दक्षिणेकडून ढग आले होते. आम्ही उंबऱ्यावर पोहोचेतो पाऊस सुरू झाला, टपोरा नव्हे, पण बऱ्यापैकी. भाचा सांगत होता की तिकडे अशा पावसाचे मिलीमीटर लोक फोन करून एकमेकांना कळवतात. मुलगा धावत मागच्या टाकीपाशी गेला आणि वाकून पाहू लागला. टाकीला पाणी पुरवणारे छप्परच उरले नव्हते, पन्हळ नव्हती, नळी नव्हती. पाऊस चुलीवर पडत होता, दोन्ही खोल्यांच्या जमिनीवर पडत होता, पेपर ट्रीच्या पानांवरून निथळत होता. टाकी कोरडीच होती. मुलगा आणखी थोडा वेळ तेथे वाकून उभा राहिला, मग भाच्याने त्याला हाक मारली आणि आम्ही गाडीत बसलो.